न आढळणे आणि नसणे

एखादी वस्तू आपल्याला आढळली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्याकडील मीमांसकांनी, वेदान्त्यांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके चर्चिला आहे. आणि ती चर्चा आज वाचणाऱ्या सुशिक्षिताला बहुधा असे वाटते की, भुईवर घट आहे किंवा नाही ह्याविषयी पानेच्या पाने लिहिणे हा निव्वळ बुद्धीचा व्यायाम होता. परंतु २०२० सालच्या वसंत ऋतूत, कोविडच्या साथीत, ब्रिटनमधील रुग्णालयांतून जे घडले, ते ज्यांनी जवळून पाहिले किंवा दूरध्वनीवर जीव मुठीत धरून ऐकले, त्यांना हा प्रश्न व्यायामाचा वाटणार नाही. कोणाला कोणत्या वॉर्डात ठेवावे, कोणाला घरी धाडावे, कोणाला वृद्धाश्रमात परत पाठवावे, हे सारे त्या दिवसांत एका तपासणीच्या निकालावरून, आणि पुष्कळदा न झालेल्या तपासणीवरून, ठरत होते. न आढळणे आणि नसणे ह्यांतील अंतर तेव्हा माणसांच्या प्राणांनी मोजले गेले.

विषाणुजन्य न्यूमोनियाचे निदान हे मुळातच अप्रत्यक्षाचे निदान आहे. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या भित्ती सुजतात, त्यांत द्रव झिरपतो, प्राणवायू रक्तात उतरण्याचा मार्ग अडतो. ह्यांपैकी काहीही वैद्याच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला दिसतो तो धापा टाकणारा मनुष्य, ऐकू येतो तो श्वासातील बारीक चरचराट, आणि पडद्यावर उमटते ती छाया. रॉन्टगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिंटायर ह्यांनी क्ष-किरणांचा स्वतंत्र विभाग उभा केला. पाऊण शतकाने, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचे मस्तक थराथराने उलगडून दाखविले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापपट्टीत पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार असे स्थान आहे, आणि निरोगी फुप्फुस हवेच्या बाजूला झुकलेले असते. विषाणूने फुप्फुस ग्रासले की त्या काळ्या अवकाशात घासलेल्या काचेसारखा धूसरपणा उतरतो. तो इतका विरळ असतो की त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा तरीही दिसत राहतात, आणि रोग वाढला की त्याच रेषा दाट पांढऱ्या छायेत बुडून जातात. कोविडमध्ये ही धूसरता बहुधा दोन्ही बाजूंस, खालच्या भागात आणि कडेला आढळे.

आता ह्या छायेवरून विषाणूचे अस्तित्व सांगणे म्हणजे डोंगरावरील धुरावरून अग्नी सांगणे होय, आणि अनुमानाचे सारे नियम त्याला लागू पडतात. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती निरपवाद आहे म्हणून ते अनुमान टिकते. जेथे ती धूसरता तेथे अमुकच विषाणू, अशी व्याप्ती मात्र कोणालाही बांधता येणार नाही; कारण हृदय थकल्याने फुप्फुसात पाणी साचले तरी, एखाद्या औषधाची विपरीत प्रतिक्रिया झाली तरी, अन्य विषाणूंनी किंवा एका विशिष्ट बुरशीने घर केले तरी तीच छाया पडते. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे जो हेतू साध्याशी एकनिष्ठ नाही, त्याचे हे उदाहरण आहे. उलट बाजूने, रोगाच्या आरंभीच्या दिवसांत साधा एक्स-रे पूर्णपणे स्वच्छही असू शकतो. ब्रिटनमधील वक्षप्रतिमातज्ज्ञांच्या संस्थेने २०२० च्या मार्चमध्ये ह्या प्रतिमांचे जे वर्गीकरण केले, त्यात ठराविक कोविडसदृश, अनिश्चित, कोविडेतर आणि स्वाभाविक असे वर्ग होते. त्यांतील ‘अनिश्चित’ हा वर्ग मला सर्वांत आदरणीय वाटतो. आपल्या महाराष्ट्रात पुढच्या वर्षी घरोघरी एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटीचा, ‘स्कोअर’ पंचवीसपैकी किती, हीच विचारपूस झाली होती, आणि जणू त्या आकड्यातच रोग, रोगी आणि भवितव्य सारे सामावले आहे असे मानले गेले. ते आठवले म्हणजे अनिश्चिततेला दफ्तरात मानाचे स्थान देणे किती कठीण असते ते ध्यानात येते.

छाया अनुमान देते, मग प्रयोगशाळा तरी प्रत्यक्ष देते का? नाक आणि घसा ह्यांतून घेतलेल्या स्वॅबवर विषाणूच्या आरएनएचा अंश असेल, तर आरटी-पीसीआर ही पद्धती त्याची डीएनए-प्रत करून ती प्रत्येक आवर्तनात दुप्पट करीत जाते, आणि तीस आवर्तनांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. इतक्या सूक्ष्म साधनापुढे लपणार काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ते स्वॅबवर जे आले त्याचीच साक्ष देऊ शकते. विषाणू पहिल्या दिवसांत नाकात आणि घशात विपुल असतो. पुढे तो खाली फुप्फुसांत उतरतो, आणि ज्याची फुप्फुसे भरून आली आहेत अशा रुग्णाच्या घशातून तो तोवर ओसरलेलाही असू शकतो. स्वॅब उथळ घेतला गेला, नमुना वाटेत तापला, संसर्ग होऊन एकच दिवस झाला, अशी कितीतरी कारणे असतात. तेथे न आढळण्याचा विषाणूच्या असण्याशी काही संबंध उरत नाही.

ह्या न आढळण्याला शास्त्रात अनुपलब्धी म्हणतात. ती स्वतंत्र प्रमाण आहे असे भाट्ट मीमांसक आणि अद्वैती मानतात; नैयायिक तिला प्रत्यक्षाची साहाय्यक समजतात. परंतु एका अटीवर सर्वांचे एकमत आहे. न आढळण्याला प्रामाण्य येते ते केवळ योग्य असलेल्या अनुपलब्धीला. म्हणजे ती वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, असे म्हणता येत असेल तेव्हाच. धर्मराजाध्वरीन्द्रांच्या वेदान्तपरिभाषेत ह्याचा खुलासा घटाच्या उदाहरणाने केलेला आहे: लख्ख उजेडात भुईवर घट दिसला नाही तर घट नाही हे ज्ञान होय, आणि अंधारात घट दिसला नाही तर ते घटाविषयीचे काहीच ज्ञान नव्हे. मला ही अट भारतीय तर्कशास्त्राच्या अत्यंत मोलाच्या ठेव्यांपैकी एक वाटते, कारण ती पाहणाऱ्याला वस्तूविषयी बोलण्यापूर्वी स्वतःच्या पाहण्याविषयी जबानी देण्यास भाग पाडते. उजेड होता काय? डोळे उघडे होते काय? योग्य जागी पाहिले काय?

हीच अट इंग्लंडमध्ये दुसऱ्या वाटेने, संख्येच्या रूपाने अवतरली. आणि ती ज्याने आणली तो वैद्य नव्हता, धर्मोपदेशक होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. टनब्रिज वेल्स येथील प्रेस्बिटेरियन उपासनामंदिराचे पाद्री थॉमस बेझ १७६१ साली निवर्तले, आणि त्यांच्या कागदपत्रांत सापडलेला संभाव्यतेवरील निबंध त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस, तेही पाद्रीच, ह्यांनी रॉयल सोसायटीकडे धाडला. तो १७६३ च्या ग्रंथमालेत छापला गेला. प्राइस ह्यांनी त्याला जोडलेल्या पत्रात ह्या गणिताचा उपयोग सृष्टीतील हेतूंवरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करणाऱ्या युक्तिवादास होईल अशी आशा व्यक्त केली आहे. ती आशा कितपत फळली हे बाजूस ठेवू. त्या गणिताचे सार असे की, नवा पुरावा कधीही कोऱ्या पाटीवर उमटत नाही. पुराव्यापूर्वी आपला जो विश्वास होता त्यालाच तो वाढवितो किंवा घटवितो.

मे २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने डॉक्टरांसाठी ह्याचेच विवरण छापले. त्यातील आकडे हातात घेऊन पाहावे. खोकला, ताप, घरातील अन्य माणसांचा आजार ह्यांवरून शंभरांपैकी ऐंशी जणांना कोविड असावा असे ज्यांच्याविषयी वाटते, असे शंभर रुग्ण घेतले; आणि तपासणी रोग्यांपैकी शेकडा सत्तर पकडते, निरोग्यांपैकी शेकडा पंच्याण्णवांना बरोबर निरोगी ठरविते असे धरले. ऐंशी रोग्यांपैकी छप्पन्न पकडले जातील आणि चोवीस सुटतील; वीस निरोग्यांपैकी एकोणीस निगेटिव्ह ठरतील. म्हणजे निगेटिव्ह ठरलेल्या त्रेचाळीस जणांत चोवीस जण रोगी असतील, अर्ध्याहून अधिक! आता हीच तपासणी ज्यांच्याविषयी काहीच संशय नव्हता अशांवर केली तर तिच्या निगेटिव्ह निकालावर बरेचसे विसंबता येते. तपासणी तीच, निकाल तोच, आणि अर्थ मात्र रुग्णागणिक निराळा. ज्या वैद्याने रुग्णाची हकिकत नीट ऐकली नाही, त्याला प्रयोगशाळेचा अहवाल वाचताच येत नाही, हे ह्यातून निष्पन्न होते. चरकाने सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ह्यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण सांगितले, अनेक कारणांच्या संयोगातून फलित पाहणारी बुद्धी असे तिचे वर्णन केले, ते ह्याच गरजेपोटी असावे असे मी समजतो.

आपल्याकडे ह्या अटीचे सर्वांत तीव्र शस्त्र केले ते मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, आणि तेही ईश्वराच्याच वादात. न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात त्यांचा पूर्वपक्षी चार्वाक म्हणतो की ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही. उदयनांचे उत्तर असे की, जी वस्तू दिसण्याच्या योग्यतेचीच नाही तिच्या न दिसण्याने काही सिद्ध होत नाही. आणि न दिसणे हेच जर अभावाचे प्रमाण असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला आपली बायकामुले दिसत नाहीत म्हणून त्याने शोक करावयास हवा. टनब्रिज वेल्सचा पाद्री आणि मिथिलेचा नैयायिक ह्यांना एकमेकांची वार्ता असणे अशक्य होते. दोघांचीही विद्या ईश्वरचर्चेच्या आश्रयाने वाढली आणि शेवटी रोग्याच्या खाटेपाशी उपयोगी पडली. धर्मचिंतनाने विज्ञानाला काही दिले नाही असे म्हणणाऱ्यांनी ह्या दाखल्याचा विचार करावा.

तरी ह्या अटीचा दुसरा अर्धा भाग आस्तिकांना आणि अतिसावध वैद्यांना सारखाच अप्रिय असतो, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. योग्यता नसताना अनुपलब्धी निरर्थक, हे जितके खरे तितकेच योग्यता असताना ती निर्णायक, हेही खरे. लक्षणांचे दिवस लक्षात घेऊन पुन्हा नमुना घेतला, फुप्फुसांच्या खोल भागातील स्राव तपासला, सीटी पाहिला, आणि श्वास लागण्याचे दुसरे पुरेसे कारण सापडले. तर मग विषाणू लपून बसला असेल असे म्हणत राहणे हा हट्ट होय. ‘असता तर आढळला असता’ ह्या वाक्यातील परिस्थिती तपासापूर्वीच ठरवावी लागते. जो प्रत्येक निष्फळ शोधानंतर योग्यतेची व्याख्या बदलतो, त्याचा ईश्वर आणि त्याचा रोग ह्या दोहोंपर्यंत कोणताही पुरावा कधीच पोचणार नाही. आणि माझ्या मते तसल्या ईश्वराची भक्तीही फार काळ टिकत नाही. उदयनांनी स्वतः ईश्वर सिद्ध करण्यासाठी कार्यावरून कारणाचे अनुमान स्वतंत्रपणे मांडले, केवळ अनुपलब्धीच्या खंडनावर ते थांबले नाहीत, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्या घटनेमुळे हा विषय माझ्या मनातून हटत नाही तिच्याकडे वळतो. १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० ह्या मुदतीत इंग्लंडमधील रुग्णालयांनी सुमारे पंचवीस हजार माणसे वृद्धाश्रमांत पाठविली, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले आहे. खाटा रिकाम्या करावयाच्या होत्या, तपासण्या अपुऱ्या होत्या, आणि प्रत्येकाची रवानगीपूर्वी तपासणी व्हावी असा शिरस्ता १५ एप्रिलपर्यंत नव्हता. ज्यांना ताप नाही, खोकला नाही, त्यांच्यात रोग आढळला नव्हता. पण तो तेथे पाहिलाच नव्हता. अंधारात न दिसलेल्या घटाविषयी निवाडा देऊन त्या निवाड्यावर दुर्बळांतील दुर्बळ माणसांचे आयुष्य ठेवले गेले. लक्षणांवाचूनही संसर्ग पसरू शकतो ही शक्यता तोवर तज्ज्ञांनी उघडपणे बोलून दाखविली होती. २७ एप्रिल २०२२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या वेळची ही धोरणे बेकायदा ठरविली. लक्षणविरहित संसर्गाचा धोका विचारातच घेतला गेला नाही, आणि अशा व्यक्तींना शक्य तेथे चौदा दिवस इतरांपासून वेगळे ठेवण्याचा सल्ला द्यावयास हवा होता, असे त्या निकालाचे सार आहे. न्यायालयाने तर्कशास्त्राचा ग्रंथ उघडला नसेल. परंतु योग्यतेवाचूनच्या अनुपलब्धीला प्रमाण मानणे हा दोष आहे, आणि त्या दोषाची किंमत दुसऱ्यांनी मोजली असता तो केवळ बुद्धीचा दोष राहत नाही, हाच त्या निकालाचा मथितार्थ मला दिसतो.

ह्याच्या उलट, आढळणे म्हणजेही कारण सापडणे नव्हे. १९१८ च्या साथीत फायफरच्या जंतूला इन्फ्लुएंझाचे कारण मानण्यात आले, कारण तो पुष्कळ रुग्णांत सापडे. परंतु तो सर्वांत सापडत नसे आणि निरोग्यांतही सापडे. खरा अपराधी १९३३ साली लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ ह्यांनी पकडला. रुग्णांच्या घशातील पाणी जंतू अडविणाऱ्या गाळणीतून काढून त्यांनी ते फेरेट ह्या प्राण्यांना दिले आणि ते प्राणी तापाने पडले. अन्वय (हे असेल तेथे ते) आणि व्यतिरेक (हे नसेल तेथे तेही नाही) दोन्ही जुळले तेव्हाच कारण कारण ठरले. पाहण्यातही अशीच गफलत होते. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या ग्लासगोच्या जून अल्मेडा ह्यांनी कडेला तेजोवलय असलेल्या एका नव्या विषाणूची चित्रे घेतली होती, तेव्हा परीक्षकांनी ती इन्फ्लुएंझाचीच वाईट उतरलेली चित्रे म्हणून परत धाडली. शाळा सोळाव्या वर्षीच सोडावी लागलेल्या ह्या बाईंनी पुढे सॉल्झबरीच्या सर्दी-संशोधन केंद्रातील डेव्हिड टिरेल ह्यांच्या नमुन्यात तेच रूप पुन्हा ओळखले, आणि १९६८ साली त्या कुळाला कोरोनाविषाणू हे नाव मिळाले. परीक्षकांना दिसत होते, ओळखू येत नव्हते. नुसते दिसण्याच्या निर्विकल्प ज्ञानापासून ओळखण्याच्या सविकल्प ज्ञानापर्यंतचा प्रवास अल्मेडांनी एकट्याने केला होता.

आणि कोविडच्या मृत्यूंच्या दफ्तराचे काय? १२ ऑगस्ट २०२० रोजी, पॉझिटिव्ह चाचणीनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मोजावयाचे असा नियम झाला, आणि ब्रिटनची मृतसंख्या एका दिवसात पाच हजारांहून अधिकांनी खाली आली. मुदतीच्या आत किंवा बाहेर मेलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण मुदतीने ठरत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. मोजणीसाठी कोठेतरी रेघ ओढावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

योग्यतेची अट साधनालाही लागू आहे, आणि येथे आपल्या लोकांचा निकटचा संबंध येतो. बोटाला लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र सावळ्या आणि काळ्या त्वचेवर प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखविण्याची शक्यता असते; ब्रिटनच्या सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीने मार्च २०२४ मध्ये ह्या दोषाची दखल घेतली. कोविडच्या साथीत ब्रिटनमध्ये मरण पावल्याचे जाहीर झालेले पहिले दहा डॉक्टर अल्पसंख्य वंशांतील होते, हे येथे आठवावे. ज्या उजेडात एकाला घट दिसतो त्या उजेडात दुसऱ्याला तो दिसेलच असे नाही.

मग संशय कोठवर बाळगावा? गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयग्रस्ताचा नाश सांगितला आहे, आणि गौतमाच्या न्यायसूत्रांत मात्र संशयाला सोळा पदार्थांत तिसरे स्थान आहे, निर्णय नवव्या स्थानी येतो. हा विरोध मला खरा वाटत नाही. गीतेचा रोष कर्तव्यापासून पळून जाण्यासाठी संशयाची सबब पुढे करणाऱ्यावर आहे. गौतमाचा संशय शोधाचा आरंभ करतो, आणि त्याच्या लगेच पुढे प्रयोजन हा पदार्थ येतो. मध्यरात्री रुग्णाचा प्राणवायू उतरत असता वैद्याला नवव्या पदार्थापर्यंत थांबता येत नाही. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने चाललेल्या रिकव्हरी प्रयोगात कोविड प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्यांबरोबरच केवळ लक्षणांवरून संशयित असलेलेही रुग्ण घेतले होते, आणि १६ जून २०२० रोजी त्यातून कळले की डेक्सामिथॅसोन ह्या औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. संशय नोंदवून, त्याला न लपविता, त्याच्यासह कृती करणे, ही संशयग्रस्ताच्या अगदी विरुद्ध वृत्ती होय, आणि तिला मी निःशंकपणे धर्म म्हणेन.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांत आज वृद्ध आईवडील आहेत, डॉक्टर मुले आहेत, आणि हिवाळ्यात इन्फ्लुएंझा दरवर्षी येतो. आपल्या माणसाच्या तपासणीचा निकाल ‘निगेटिव्ह’ आला, तर सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे: लक्षणे सुरू झाल्यावर कितव्या दिवशी, शरीराच्या कोणत्या भागातून नमुना घेतला, आणि निकाल येण्यापूर्वी तुम्हांला स्वतःला काय वाटत होते?